गुणतक्ता अपडेट: दहाची पट्टी मोडीत, पण त्रिकूट सुटेना

मंडळी, दहाची पट्टी गेली. आमच्या व्हिडिओ गेम्सच्या शीटवरचा ‘गुण / १०’ हा रकाना पुसून टाकला, आणि पाठोपाठ असा गुंता समोर आला की या अपडेटचा निम्माअधिक भाग त्यातच जाणार आहे. ज्यांना फक्त यादी हवी आहे त्यांनी जरा धीर धरा, यादी अजून बाहेर पडलेली नाही.

मूळ दुखणं सगळ्यांना पाठ आहे. आमच्या शीटवरचे झाडून सगळे खेळ साडेसात ते साडेआठच्या मध्ये दाटीवाटीने बसलेले. ‘बरा आहे’ म्हणून हातावेगळा केलेला खेळ ७.५, आणि ज्याच्यापायी झोपेचं खोबरं झालं तो ८.५. कारण शोधायला लांब जायला नको. आपण सगळे बोर्डाच्या परीक्षेतून आलेलो: ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन. आवडलेल्या खेळाला साडेसाताच्या खाली उतरवायला हातच धजत नाही. गंमत म्हणजे मेटाक्रिटिक या समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या संकेतस्थळावरही चांगल्या खेळांचा हिरवा रंग बरोबर ७५ ला सुरू होतो, सिनेमांना मात्र ६१ पुरतात. खेळांनी डिस्टिंक्शन काढायचं आणि सिनेमांनी फर्स्ट क्लासवर भागवायचं, हा न्याय कुठला ते त्यांचं त्यांना ठाऊक. कुणाच्या मताला किती वजन देतात तेही ते सांगत नाहीत.

पोटासाठी हेच करणाऱ्यांनाही पट्टी सापडलेली नाही. आयजीएन हे खेळांचे रिव्ह्यू देणारं संकेतस्थळ दशांशात गुण द्यायचं, २०२० पासून पूर्णांकावर आलं. युरोगेमर या तसल्याच दुसऱ्या संकेतस्थळाने २०१५ मध्ये आकडेच बंद केले आणि २०२३ मध्ये पाच तारे घेऊन परत आलं. बरं, आकडा निरुपद्रवी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण फॉलआउट न्यू व्हेगसच्या वेळी तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर ८५ पडले असते तर बोनस होता, पडले ८४.

तर, एलो, म्हणजे बुद्धिबळात खेळाडूंना निकालांवरून गुण द्यायची पद्धत. गेल्या खेपेला तुमच्यातल्या काहींनी सुचवलं होतं तसंच केलं: गुण द्यायचेच नाहीत, दोन खेळ समोर ठेवायचे आणि एक निवडायचा. साठ खेळ असतील तर जोड्या १७७० होतात, पण सगळ्या लावायची गरज नसते. प्रत्येक खेळ दहाबारा वेगवेगळ्या खेळांशी भिडला की चित्र दिसायला लागतं. यासाठीची ॲपं मला पटली नाहीत. स्क्रीनवर दोन नावं आली की बोट आपोआप ओळखीच्या नावावर जातं. अप्पा बळवंत चौकातून जाड कोरी कार्डं आणली, एकेकावर एकेक खेळ लिहिला, पत्ते पिसतात तसे पिसले आणि दोन-दोन उचलत गेलो. कार्ड हातात धरून बसलं की माणूस क्षणभर विचार करतो.

एलोचा एक त्रास मात्र लगेच कळला. तेच निकाल उलट्या क्रमाने भरले की आकडे बदलतात. बुद्धिबळात ते रास्तच आहे, खेळाडू सुधारतो, घसरतो, ताज्या निकालाला वजन हवं. पण सेलेस्टसारखा खेळ काही रात्रीत सराव करून सुधारत नाही. म्हणून एलो सोडून ब्रॅडली-टेरीवर आलो. १९५२ चं गणित आहे, सगळे निकाल एकदम घेतं, क्रमाशी देणंघेणं नाही. एक्सेलमधला सॉल्व्हर, म्हणजे आकडे जुळवून देणारी सोय, या कामाला पुरतो. फक्त जो खेळ एकदाही हरलेला नाही त्याचा आकडा अनंताकडे पळत सुटतो. त्यावर उपाय म्हणून एक कोरं कार्ड घातलं, प्रत्येक खेळ त्याच्याशी एकदा जिंकला आणि एकदा हरला असं धरून चालायचं. हे कोरं कार्ड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि मंडळी, यादी पसरली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा वरचे वर, खालचे खाली. रेड डेड रिडेम्पशन २ ला जुन्या पट्टीवर ९ होते, कारण ९ पेक्षा कमी द्यायला सबळ कारण सापडत नव्हतं. कार्डांवर त्याला टेट्रिस इफेक्टने सहज पाडलं. प्रत्येक ड्रॉवर उघडताना, प्रत्येक डबा उचलताना त्यातला नायक आर्थर जो वेळ घेतो तो पहिल्या दिवशी कौतुकाचा वाटतो. नंतर मी ड्रॉवर उघडणंच सोडून दिलं होतं. हे ९ या आकड्यात कुठेच दिसत नव्हतं.

आता गुंता. सेलेस्ट आणि ब्लडबोर्न समोर आले, सेलेस्ट उचललं. ब्लडबोर्न आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड आले, ब्लडबोर्न उचललं. ब्रेथ आणि सेलेस्ट आले, ब्रेथ उचललं. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या वर, दुसरा तिसऱ्याच्या वर, आणि तिसरा परत पहिल्याच्या वर. आधी वाटलं त्या संध्याकाळी डोकं ठिकाणावर नसेल. नंतर परत कार्डं काढली, निकाल तोच. मग प्रत्येक जोडीला मनात नक्की काय चाललं होतं ते कार्डाच्या मागे लिहून काढलं.

सेलेस्ट विरुद्ध ब्लडबोर्न: दोन्हीत माणूस मरतच असतो, म्हणून मनात आपोआप प्रश्न येतो की मेल्यावर काय होतं. सेलेस्टमध्ये पापणी लवायच्या आत त्याच पडद्यावर परत उभे. ब्लडबोर्नमध्ये लोडिंग, मग दिव्यापासून सगळी वाट परत तुडवायची, आणि जखमा भरणाऱ्या रक्ताच्या बाटल्या संपल्या असतील तर त्या गोळा करत हिंडायचं. ब्लडबोर्न विरुद्ध ब्रेथ: दोन्हीत हातात शस्त्र, म्हणून तुलना शस्त्रांवर गेली. इकडे वार करता करता करवतीचं पातं खाड्कन उघडून लांब होतं. तिकडे चांगली तलवार मिळावी आणि दोन हाणामाऱ्यांत तिचा भुगा व्हावा. मास्टर सोर्ड ही खास तलवारसुद्धा मध्येच दमते आणि विश्रांती मागते. ब्रेथ विरुद्ध सेलेस्ट: दोन्हीत डोंगर चढायचा. सेलेस्टमध्ये डोंगराला एकच वाट, ब्रेथमध्ये जिकडे बघाल तिकडून चढा, पाऊस आला तर घसरा, शिव्या घाला, वरून पॅराग्लायडर उघडा.

म्हणजे मी एकाच प्रश्नाची तीन उत्तरं देत नव्हतो, तीन प्रश्नांची तीन उत्तरं देत होतो. प्रत्येक जोडी आपला प्रश्न बरोबर घेऊन येते. नेहमीच्या रिव्ह्यूमध्येही हेच होतं, तिथे ते फक्त एका आकड्याखाली झाकलं जातं.

उपाय म्हणून कार्ड उचलण्याआधी प्रश्न ठरवून टाकला आणि कार्डांच्या डब्याच्या झाकणावर मार्करने लिहिला: ‘आधीचं काही आठवत नाही असं धर. शनिवारी रात्री कोणता सुरू करशील?’ ‘आठवत नाही’ हे घालावंच लागलं, नाहीतर गोष्टीवर चालणारे खेळ नाहक मार खातात. या प्रश्नाने त्रिकूट सुटलं: ब्लडबोर्न, ब्रेथ, सेलेस्ट. जोडी कशीही लावा, क्रम तोच. त्या रात्री फार बरं वाटलं.

आणि मग रविवारची बैठक. भाचीला आणि एरंडवण्याच्या दादांना तोच डबा, तोच प्रश्न दिला. (दादा म्हणजे ‘९९९९ इन १’ च्या कॅसेटपासून खेळणारे. त्यांच्यापुढे मी कालचं पोर.) भाचीचा क्रम: ब्रेथ, सेलेस्ट, ब्लडबोर्न. दादांचा: सेलेस्ट, ब्लडबोर्न, ब्रेथ. दोघांचंही आपापल्यापुरतं एकदम सरळ, कुठे चक्र नाही. आता बहुमत काढा. ब्लडबोर्न ब्रेथच्या वर: मी आणि दादा. ब्रेथ सेलेस्टच्या वर: मी आणि भाची. सेलेस्ट ब्लडबोर्नच्या वर: भाची आणि दादा. तेच चक्र! माझ्या डोक्यातून घालवलं तर तिघांच्या टेबलावर येऊन बसलं. भाची म्हणाली, “मामा, तू प्रश्न बदल.” दादा म्हणाले, “प्रश्न नको, माणसं बदल.”

दोन्हीने फरक पडणार नाही. कॉन्डोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये निवडणुकांबद्दल हेच दाखवून दिलं होतं: प्रत्येकाचं मत सुसंगत असलं तरी बहुमत गोल फिरू शकतं. सॉल्व्हरला फक्त हे तीन खेळ दिले तर तो तिघांना सारखेच गुण देऊन हात झटकतो. आणि सरासरी काढली तर चक्र दिसतच नाही, सगळं गुळगुळीत. मेटाक्रिटिकच्या एकेका हिरव्या चौकोनाखाली अशी किती भांडणं गाडलेली असतील.

इथे बेत बदलला. आमचा तिघांचा मिळून एक तक्ता करायचा होता, तो रद्द. फामित्सू या जपानी नियतकालिकात चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि चारही आकडे वेगवेगळे छापतात, ते मला नेहमी आवडत आलंय. पण पुढे ते बेरीज करतात आणि सगळ्यांच्या लक्षात राहतात फक्त ४० पैकी ४०, जे पहिल्यांदा १९९८ मध्ये ऑकरिना ऑफ टाइमला मिळाले. आम्ही तीन रकाने ठेवणार आणि बेरीज करणार नाही. ज्याला डोंगर आवडतात त्याने भाचीचा रकाना बघावा.

राजी या खेळाबद्दल तुमची विचारणा होती. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा खेळ, ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विचवर आला. दहाच्या पट्टीवर आपल्या गावचा म्हणून अर्धा गुण कौतुकाचा टाकता येत होता आणि कुणाला पत्ता लागत नव्हता. कार्डांवर ती सोय नाही. याच्या वर की खाली, तोंडाने सांगावं लागतं. वास्तू, प्रकाश, सावल्यांच्या बाहुल्यांसारखे गोष्टीचे तुकडे यांत तो भल्याभल्यांना भारी पडतो. मारामारीत बटण आणि वार यांच्यामध्ये कायम थोडा उशीर जाणवतो, आणि गोष्ट ऐन रंगात आली असताना संपते. माझ्या रकान्यात तो मधल्या तिसऱ्या हिश्शात आहे, आणि ती जागा त्याने स्वतःच्या हिमतीवर मिळवली आहे.

कार्डावर खेळाच्या नावासोबत कन्सोल आणि खेळल्याचा महिना लिहा, हे अगदी आग्रहाने सांगतो. सायबरपंक २०७७ चे पहिले रिव्ह्यू पीसीचे होते, मेटाक्रिटिकवर ८६. सोनीच्या पीएस४ कन्सोलवरचा आकडा ५७. डिसेंबर २०२० मध्ये खेळ आला आणि त्याच महिन्यात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला, २०२१ च्या जूनमध्ये परत घेतला. हे एक कार्ड कसं होईल? जाता जाता, सेकंडहँड डिस्क घेणाऱ्यांनी पाठीवरचा रिजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांसाठीची आहे ते, बघून घ्या. पीएस४ ची डिस्क कुठलीही चालते, पण डीएलसी, म्हणजे खेळाचे नंतर घ्यायचे जादा भाग, त्या डिस्कच्या रिजनच्याच अकाउंटवरून घ्यावं लागतं. आमचा नेहमीचा डिस्कवाला हे कधी सांगत नाही, विचारलं तर “चालतं सगळं” म्हणतो.

आता कोरं कार्ड. जोड्या लावण्यातली मोठी उणीव दादांनी दाखवली: कुणीतरी पहिला येणारच. साठ भिकार खेळ घातले तरी त्यातला एक वर जाऊन बसेल. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडक दिलाच नव्हता, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवा. आमच्या डब्याला ‘यंदा करंडक नाही’ असं म्हणताच येत नाही.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: कोऱ्या कार्डाला कोरं ठेवायचंच कशाला? त्यावर लिहायचं, ‘पूर्ण किमतीला घेतला तरी चुटपुट नाही’. दुसऱ्यावर, ‘सेलमध्येच’. तिसऱ्यावर, ‘मित्राची डिस्क मिळाली तर’. आणि ही तिन्ही कार्डं खेळांसारखीच पिसून डावात घालायची. ब्लडबोर्न विरुद्ध ‘सेलमध्येच’, उचला एक. म्हणजे यादीत रेषा आपोआप पडतील, आणि सगळे खेळ रेषेखाली गेले तर करंडक नाही. अनंताकडे पळणाऱ्यासाठीचं कोरं कार्ड वेगळं ठेवावं लागेल, नाहीतर गणित आणि मत यांची खिचडी होईल. प्रश्नही थोडा बदलावा लागेल, कारण शनिवारी रात्री कुणी ‘सेलमध्येच’ सुरू करत नाही. ‘कशाला जास्त मानशील’ असं काहीतरी. नेमके शब्द सुचले तर सांगा.

या रविवारी रेषांची कार्डं घालून पहिला डाव लावतोय. एक वाद तेवढा आधी मिटवायचा आहे: रेसिडेंट इव्हिल ४ चं कार्ड एक की दोन? दादांनी २००५ चा खेळलाय, भाचीने २०२३ चा, आणि दोघंही दुसऱ्याचा तो खरा नव्हे म्हणतात. मी दोन कार्डं केली आहेत आणि दोन्ही डब्यात टाकून मोकळा झालोय.