चंद्रकोर

दिवस 6

मॉरिशसचं पोर्ट लुई सोडून सहा दिवस झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेपर्यंत साधारण 1500 सागरी मैल, त्यातले निम्मे आज संपले. मादागास्करच्या दक्षिणेला समुद्रतळाचं पठार लांबवर पसरलंय, त्यामुळे तिथलं पाणी उगाचच खवळलेलं असतं. टोकापासून शंभरेक मैल बाहेरून जावं म्हणतात. आम्ही 120 मैल बाहेर आहोत, तरी लाटा तीन दिशांनी येतायत. एक मागून उचलते, दुसरी कुशीत ढुशी देते, आणि तिसरी कुठून आली ते कपाळ आपटल्यावरच कळतं.

पहाटे तीनच्या सुमाराला बारक्या पहाऱ्यावर होता. ऑटोपायलटचा, म्हणजे आपोआप सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राचा, नेहमीचा घुर्र-घुर्र आवाज चालू होता, पण बोट ऐकेना. गर्रकन वाऱ्यावर फिरली, शिडं फडाफडा वाजायला लागली आणि मी बंकवरून थेट खाली. नानांनी धावत जाऊन चाक धरलं. मी मागच्या लॉकरमध्ये शिरले. हेडटॉर्चच्या उजेडात ऑटोपायलटचा दांडा मागेपुढे, मागेपुढे करत होता, एकटाच, हवेत. काम चोख, फक्त पलीकडे कोणी नाही. जिथे तो सुकाणूच्या खांबाच्या आडव्या दांड्याला जोडलेला असतो, तिथला 10 मिलिमीटरचा बोल्ट मधोमध तुटला होता. त्याचं डोकं लॉकरच्या तळाशी पाण्यात सापडलं.

ते डोकं आता वहीशेजारी ठेवलंय. तुटलेली बाजू भिंगाखाली धरून बघितली. अर्ध्याहून जास्त चकती काळपट तपकिरी, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वक्र रेघा. कडेला उरलेली एक चंद्रकोर मात्र लख्ख. म्हणजे आज तुटली ती फक्त चंद्रकोर. बाकीचा बोल्ट कधीपासूनच तुटत आला होता, लाटेगणिक केसभर, आणि आम्ही दर बंदरात त्यावर पाना लावून "घट्ट आहे" असं यादीत लिहीत होतो. घट्ट होताच की.

सुट्या बोल्टांच्या डब्यात आठचे होते, बाराचे होते, दहाचे होते ते आखूड. शेवटी नांगराच्या विंचच्या चार बोल्टांतला एक काढला. नानांना ते पटलं नव्हतं, पण नांगर टाकायला अजून आठवडा होता. काम होईपर्यंत सुकाणू हलता कामा नये, म्हणून बोट हीव्ह-टू केली, म्हणजे जवळजवळ जागीच थोपवली: जिब (पुढचं शीड) उलट्या बाजूला ओढून, मेनसेल (मुख्य शीड) दुसऱ्या रीफवर, म्हणजे दोन टप्पे आखडून, चाक वाऱ्याच्या अंगाला वळवून बांधलेलं. बोट अशी उभी राहिली की जणू कोणी रेडिओच बंद केला. तरी अडकलेला तुकडा पकडीने फिरवून काढायला दीड तास गेला. दर वळशाला तो पाव फेरा सुटायचा आणि पकड घसरली की बोटाची साल जायची. नवा बोल्ट लांब निघाला, दोन वॉशर जास्त घातले. उजाडलं तेव्हा ऑटोपायलट पुन्हा चालू झाला.

पोर्ट लुईहून निघताना नाना सांगत होते, 2018 मध्ये नौदलाच्या सहा जणी पृथ्वीप्रदक्षिणा करत होत्या, तेव्हा केप टाउनहून गोव्याला परतताना त्यांची 'तारिणी' सुकाणूच्या बिघाडामुळे याच बंदरात आली होती. "दुरुस्ती केली आणि गेल्या पुढे," नाना म्हणाले. मला तेव्हा वाटलं, हे आपलं बोलायचं म्हणून.

दिवस 7

काही झालं नाही. कपडे वाळले. सहा तास सलग झोपले.

दिवस 9

इंजिन बंद पडलं. ढगांमुळे सौर पॅनेलं दोन दिवस नुसती शोभेला, म्हणून बॅटऱ्या भरायला लावलं होतं. वीस मिनिटं नीट चाललं, मग आवाज खाली आला, परत वर गेला, खोकल्यासारखं झालं आणि थांबलं. डिझेल कमी पडतंय हे कानाला लगेच कळतं. फिल्टरची काचेची वाटी बघितली तर तळाला कॉफीच्या गाळासारखा काळा चोथा.

कारण साधंच आहे. टाकीत हवेतला ओलावा धरतो, पाणी तळाला जातं, आणि पाणी व डिझेल जिथं भेटतात तिथं सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा चिकट थर शांत पाण्यात तळाशी गप्प पडून असतो. तीन दिवस टाकी घुसळली की तो सगळा वर येतो. म्हणजे इंजिन बंद पडायचं ते नेमकं वादळात किंवा वादळानंतर.

फिल्टर बदलणं अवघड नसतं, उभं राहता आलं तर. मी इंजिनाशेजारी आडवी, एक पाय पायरीला अडकवलेला. वाटी काढताना अर्धी अंगावर सांडली. नवा फिल्टर बसवला, मग नळ्यांतली हवा काढायची: पंपाची इवलीशी तरफ अंगठ्याने दाबत राहायची आणि ब्लीड-स्क्रूतून बुडबुडे येतायत का बघायचं. फेस, फेस, फेस, आणि मग एकदम स्वच्छ लालसर धार. ती धार बघून मला रडू येणार होतं. त्याऐवजी वांती झाली. बारक्याने बादली धरली आणि दुसऱ्या हाताने टॉर्च. टॉर्च जराही हलली नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवते.

इंजिन लागलं. फिल्टर उरले दोन. टाकी आधीच का साफ केली नव्हती, त्याबद्दल आज लिहायची इच्छा नाही.

दिवस 11

दुपारी किनारा 130 मैल. वायुभारमापकाचा पारा काल सकाळी 1019 मिलिबार, रात्री 1014, आज दुपारी 1008. वारा ईशान्येचा, 28 नॉट (ताशी सागरी मैल), आपल्याला हवा तसा मागून. बोट पळतेय. सगळं इतकं छान चाललंय की त्याचीच धास्ती.

या किनाऱ्याला अगुल्हास प्रवाह नैर्ऋत्येकडे वाहतो, कधी चार-पाच नॉटनी. ईशान्येचा वारा त्याच्याच दिशेने असतो तोवर ठीक. पण दर काही दिवसांनी खालून, दक्षिणेकडून, थंड हवेची आघाडी येते, ईशान्येचा वारा पडतो, घटकाभर शांत होतो आणि मग नैर्ऋत्येकडून थेट तोंडावर येतो. वारा प्रवाहाच्या उलट झाला की लाटा आखूड होतात, उभ्या होतात आणि एकमेकींच्या खांद्यावर चढतात. दक्षिण आफ्रिकेच्या नकाशांवर हा इशाराच छापलेला असतो: खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेपासून समुद्राकडे वीस मैलांपर्यंत 20 मीटर उंचीच्या लाटा येऊ शकतात, आणि त्यांच्यापुढे खोल खळगा असतो. मला त्या वीस मीटरपेक्षा तो खळगा जास्त भेडसावतो.

अंदाजानुसार आघाडी 18 तासांत. आमच्या वेगाने बंदर 22 तासांवर. सरळ हिशेब, पण मी तो तीन वेळा केला आणि दर वेळी उत्तर वेगळं यावं अशी आशा धरली. "इंजिनाची जोड दिली तर सात नॉटने जाऊ," मी म्हटलं.

"आणि मधे फिल्टर तुंबला तर?" नाना म्हणाले. "प्रवाहाच्या मधोमध, ऐन आघाडीत?"

मी गप्प. टाकी स्वच्छ असती तर मी वाद घातला असता, आणि कदाचित जिंकलेही असते.

"थांबायचं," नाना म्हणाले. "प्रवाहाच्या बाहेर. जाऊ दे ती आघाडी."

मागून हवा तसा वारा असताना शिडं उतरवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. संध्याकाळी सहाला हीव्ह-टू झालो.

दिवस 12, रात्री नऊला लिहितेय

पहाटे पाचच्या सुमाराला वारा पडला. पंधरा-वीस मिनिटं नुसता हेलकावा, शिडं मेल्यासारखी. पारा 1004 वर थांबला. मग दक्षिणेकडे क्षितिजावर एक काळी पट्टी दिसली, तिच्या पुढे पांढरी कड. नाना आणि बारक्याने मेनसेल तिसऱ्या रीफवर आणलं, जिब पूर्ण गुंडाळलं आणि तेवढ्यात ती आलीच. 15 वरून 42 नॉट, दहा मिनिटांत. पारा मात्र त्याच क्षणापासून वर चढायला लागला. वाईट वारा आणि चढता पारा, हे दोन्ही एकदम बघायची मला अजून सवय नाही.

बोट पुन्हा हीव्ह-टू, या वेळी फक्त मेनच्या तुकड्यावर. दीड नॉटने आडवी वाहत ईशान्येकडे, म्हणजे बंदरापासून लांब. वाहताना वाऱ्याच्या बाजूला एक सपाट, तुळतुळीत पट्टा मागे सोडते, आणि बऱ्याच लाटा त्या पट्ट्यापाशी येऊन मोडतात. सगळ्या नाही. एक अशी आली की स्वयंपाकघरातला ड्रॉवर कुलपासकट उडून पलीकडच्या भिंतीवर आपटला. चमचे अजून सापडतायत.

आणि करायला काहीच नव्हतं. हे मला लिहून ठेवायचंय. बोल्ट तुटला तेव्हा मला भीती वाटली नाही. इंजिन बंद पडलं तेव्हा घाण वाटली, मळमळलं, भीती नाही. हातात पाना होता. आज हातात काही नव्हतं. पहाऱ्याला दर पंधरा मिनिटांनी डोकं बाहेर काढून चहूकडे बघायचं, एआयएसवर (आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रणेवर) जहाज आहे का बघायचं, पारा लिहायचा. मधली चौदा मिनिटं बोटीचे आवाज. डोलकाठीच्या तळाशी कर्रर्र. मागे कुठेतरी टक्. प्रत्येक टक् म्हणजे तो लांब बोल्ट आणि त्याचे दोन जादा वॉशर.

अकराच्या सुमाराला मी बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी उपसायचा, हातपंप उघडला. व्हॉल्व्हची रबरी झडप काढून पुसली, डायाफ्राम उजेडासमोर धरून चिरा शोधल्या. चिरा नव्हत्या. परत लावताना झडपेचा एक स्क्रू हातातून निसटून बिल्जमध्ये गेला, आणि मी पोटावर पडून घाण पाण्यात चुंबक फिरवत बसले. स्क्रू स्टेनलेसचा होता. चुंबकाला कशाला लागतोय.

नाना बंकवरून बघत होते. "पंप बिघडला होता का?"

"नाही."

"मग?"

मला उत्तर देता आलं नाही. ते उठले, माझ्या शेजारी बसले आणि हाताने चाचपत राहिले. स्क्रू त्यांनाच सापडला. मग म्हणाले, "हे लावून झालं की झोप. खरंच झोप. उद्या प्रवाह ओलांडताना मला तुझं डोकं लागणार आहे, तुझा पाना नको."

झोपले नाही, पण पडून राहिले. दुपारनंतर आवाजांतलं अंतर वाढलं. रात्री आठला पारा 1016, वारा 18. हीव्ह-टू राहून 26 तास झाले होते, तेव्हा चाकाची दोरी सोडली.

दिवस 13

बंदराच्या बरंच उत्तरेला रोख ठेवला, कारण प्रवाह खाली ओढणार हे ठरलेलं. एकदा बंदराच्या खाली गेलं की परत वर येणं कठीण. दुपारी समुद्राच्या पाण्याचं तापमान तासाभरात दोन अंशांनी चढलं. प्रवाहात शिरल्याची खूण तीच. बोटीचं तोंड पश्चिमेला, पण पडद्यावरची आमची रेघ नैर्ऋत्येला सरकतेय. खेकड्यासारखं तिरकं चाललो. पाणी वर निळंशार आणि जवळजवळ शांत. कालच्या दुपारी इथे काय चाललं असेल, याचा विचार बारक्यानेच मोठ्याने केला आणि नानांनी त्याला चहा करायला पिटाळलं.

इंजिन आठ तास चाललं. फिल्टर एकदा बदलला. आता उरला एक.

दिवस 14, बंदरात

सकाळी सातला धक्क्याला लागलो. दोर बांधले, कागदपत्रं झाली, अंघोळ झाली. बारक्या कॉकपिटमध्ये तोंड उघडं टाकून झोपलाय.

टाकीबद्दल आता लिहिते. टाकीचं तपासणीचं झाकण माझ्या बंकखाली आहे, आठ स्क्रूंचं. पोर्ट लुईत मी सात काढले होते. आठव्याचं डोकं झिजलेलं, स्क्रूड्रायव्हर नुसता गोल फिरायचा. एक्स्ट्रॅक्टर आणायला हवा होता. मी तास-दीड तास झटापट केली, मग सातही स्क्रू परत लावले आणि यादीत "डिझेल टाकी" समोर बरोबरची खूण केली. पुढच्या बंदरात करू म्हणून. नानांना ते आज सकाळी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त गादी उचलली.

सात निघालेत. आठव्यावर आता ड्रिल लावायचंय, आणि बारीक बिट एकच आहे.