पहिल्या दोन तासांची डोकेदुखी

"बाई, डोकं दुखतंय." जूनमध्ये शाळा उघडल्यापासून हे इतक्यांदा ऐकलं की जुलैपर्यंत मी तिकडे लक्ष देणंच सोडलं होतं. सातवी ब, खिडकीकडचा तिसरा बाक. पोरगं हुशार, पण पहिले दोन तास मान खाली. मधल्या सुट्टीत मात्र मैदानात सगळ्यांच्या पुढे. वीस वर्षं शिकवतेय, गृहपाठ झाला नसला की दुखणारी डोकी मला ओळखू येतात, असा माझा समज. एकदा भर वर्गात तसं बोललेही. पोरं हसली. तोही हसला, आणि ते हसणं मला अजून टोचतं.

शंका आली ती शनिवारमुळे. शनिवारी आमची दुपारची पोरं सकाळीच येतात आणि त्या दिवशी हा गडी पहिल्याच तासाला हात वर करून बसलेला. मग मी वहीच्या मागच्या पानावर खुणा करायला लागले. तीन आठवडे. सोमवार ते शुक्रवार फुली, शनिवार कोरा. मधे एक मंगळवारही कोरा निघाला. त्या दिवशी मावशी रजेवर होत्या.

आमची शाळा परळ-लालबाग पट्ट्यातली, दोन सत्रांत चालणारी. सकाळचं सत्र १२.२० ला सुटतं, दुपारचं १२.४० ला भरतं. मधल्या वीस मिनिटांत मावशींनी सहा वर्ग झाडून लादी पुसायची. बादलीत काळं फिनेल, पाण्यात पडताक्षणी दुधासारखं पांढरं होणारं. बाटलीवर माप लिहिलेलं असतं, पण मावशी अंदाजाने ओततात आणि तो अंदाज सढळ असतो. कारण वास आला नाही की कुणीतरी म्हणतंच, "आज पुसलेलं दिसत नाही." त्या कुणीतरीत मीही आले. पावसाची तिरपी झड आत येते म्हणून खिडक्या बंद. लादी वाळत नाही. त्या ओल्या लादीवर पन्नास-पंचावन्न मुलं येऊन बसतात. शनिवारी मात्र पुसणं होतं ते सगळे घरी गेल्यावर.

मी विज्ञान शिकवते, हे सांगायला आता जरा लाज वाटते.

त्याच्या आईला बोलावलं. लहानपणी दम्याचा त्रास होता, आता पंप क्वचितच लागतो, म्हणाली. गल्लीत पालिकेची धुराची फवारणी आली की हा चादरीत तोंड खुपसतो. गणपतीत कापूर-उदबत्ती सुरू झाली की गॅलरीत जाऊन उभा राहतो. "घरात सगळे म्हणतात, पोरीसारखे नखरे करतो." (पोरींनी काय घोडं मारलंय, हे विचारायचं ओठावर आलं होतं.)

माझ्या वर्गमैत्रिणीचा नवरा छातीचा डॉक्टर आहे, त्याच्याशी बोलले. त्याने एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. वास एका नसेने कळतो, आणि नाकातली झोंब, डोळ्यांतलं पाणी दुसऱ्या, चेहऱ्याच्या नसेने. नाक वासाला काही मिनिटांत सरावतं, म्हणून मला वाटतं गेला वास. झोंब तशी लगेच सरत नाही. शिवाय वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. ही ॲलर्जी असेलच असं नाही, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत काही सापडेलच असंही नाही. दम्याच्या मुलाला फिनेल, रंग, अत्तर यांनी त्रास होतो याबद्दल डॉक्टरांत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. थोड्याशा वासानेही डोकं, मळमळ, थकवा असं सगळंच सुरू होणाऱ्या माणसांसाठी 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी' हे नाव १९८७ साली येलच्या डॉ. मार्क कलन यांनी मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याला आजही स्वतंत्र जागा नाही. वास ओळखू येणार नाही असं करून चाचण्या घेतल्या तेव्हा अनेकांना रसायन कुठलं आणि साधी हवा कुठली हे सांगता आलं नाही. म्हणजे त्रास खोटा नाही, पण तो फक्त रसायनामुळेच होतो असंही नाही; भीतीचाही वाटा असू शकतो. माझ्या वहीतल्या फुल्या म्हणजे काही प्रयोग नव्हे. पोराला वास येतच होता की.

पण लादी कधी पुसायची, हे ठरवायला एवढ्या फुल्या मला पुरल्या.

मावशींशी बोलायला गेले तर त्याच म्हणाल्या, "मला तर रोजच ठसका लागतो बाई. संडासात ॲसिड टाकलं की डोळे चुरचुरतात, मग पदर लावायचा." ॲसिडवर कधी ब्लीचिंग पावडरही टाकता का, विचारलं. टाकतात. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि खालच्या मजल्यावर मावशी ते करून बघत होत्या. त्या दिवसापासून दोन्ही डबे वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेत.

मोठ्या बाईंनी निम्मं ऐकलं. फिनेलने पुसणं आता संध्याकाळी सहानंतर, खिडक्या उघड्या ठेवून. दुपारी फक्त साध्या पाण्याचा फडका. मावशींना मापाचं झाकण दिलंय. नववीच्या मुलांना पीटीनंतर वर्गात बॉडी स्प्रे मारायचा नाही अशी ताकीद दिली, तर ते आता जिन्यात मारतात आणि अख्खा जिना लग्नाच्या हॉलसारखा दरवळतो. त्यांच्यापुढे मी हात टेकलेत. माझा मोगऱ्याचा स्प्रेही घरी ठेवलाय. सवय मोडायला आठवडा गेला.

गेल्या पंधरा दिवसांत दोनच फुल्या. एकीच्या दिवशी त्याचा गृहपाठ खरोखरच झाला नव्हता.

परवा शाळेची तपासणी आहे. मोठ्या बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तरी दुपारी फिनेल हवंच, साहेब दारातून आत आले की वास यायला पाहिजे." मी भांडले नाही. पहिले दोन तास त्याला ग्रंथालयात बसवायचं ठरवलंय. चावी शिपाईकाकांकडे असते आणि ते जेवून सव्वा वाजता येतात. उद्या आठवणीने मागून ठेवायला हवी.