बेअरिंग खुळखुळलं

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

रूमवर बाकीचे दोघं झोपलेत, पंखा नुसती गरम हवा इकडून तिकडे ढकलतोय, आणि मी मांडीवर लॅपटॉप घेऊन एका साध्या शाफ्टचं, म्हणजे चाकाच्या दांड्याचं, ड्रॉइंग दुसऱ्यांदा काढतोय. आजचं आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच सगळ्यांना सांगत फिरेन की चूक लेथ चालवणाऱ्या टर्नरची होती.

फायनल इयरचा आमचा प्रोजेक्ट म्हणजे केळीचे घड वाहायची ट्रॉली. आयडिया माझीच, घर रावेर तालुक्यात म्हणल्यावर दुसरं काय सुचणार. कापणीच्या टायमाला लहानपणापासून बघतोय, खांद्यावर गोणपाटाची घडी टाकायची, वीस-पंचवीस किलोचा घड त्यावर घ्यायचा आणि बागेतून पार रस्त्यावरच्या गाडीपर्यंत चालत आणायचा, आणि तिथं घडावर घड घासला की साल काळी पडते मग व्यापारी नेमकं त्याच काळ्या डागावर बोट ठेवून भाव पाडतो. म्हणून ट्रॉली. पाच बाय पाच फुटावर लागवड, मधे ठिबकच्या नळ्या, तर दोन चाकांचीच अरुंद गाडी, मधे २० मिमीचा शाफ्ट, चाकाच्या हबमधे, म्हणजे मधल्या गोल भागात, ६२०४ नंबरचं बेअरिंग, आत २० चं भोक, बाहेरून ४७. सॉलिडवर्क्स या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे चाकं फिरवून व्हिडिओ घरी पाठवला होता. काकांचा रिप्लाय आला, "आणि चाक नळीवर चढलं मंग?" त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

सॉफ्टवेअरमधे कसं असतं, २० चा शाफ्ट २० च्या भोकात गुपचूप जाऊन बसतो. मेट, म्हणजे दोन भाग जोडायची कमांड, दिला की झालं. तिथं कुणी हातोडी मागत नाही. स्केचच्या रेघा निळ्याच्या काळ्या झाल्या म्हणजे सगळी मापं पक्की, की आपल्याला वाटतं काम संपलं. मी तेच केलं. शाफ्टवर लिहिलं व्यास २०, प्रिंट काढली आणि सोमवारी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांकडे देऊन आलो.

आज दुपारी जॉब घ्यायला गेलो. बाहेर ४३, आत पत्र्याच्या शेडमधे किती असेल देव जाणे. शाफ्ट बाकी सुंदर दिसत होता, चकचकीत, कडा पण मोडलेल्या. खिशातून बेअरिंग काढून सरकवलं तर ते सुर्रकन या टोकाकडून मधापर्यंत गेलं. शाफ्ट उभा धरला तर बेअरिंग आपोआप खाली. हलवलं तर खुळखुळ आवाज. मी व्हर्नियर (बारीक मापं मोजायची पट्टी) लावला, १९.९०. लावला की माझं डोकं सटकलं, मोजमापाचे विषय वगैरे काय काय शिकलेला माणूस ना मी, म्हणलं मामा वीस सांगितलं होतं, हे कमी झालंय.

मामा धुळ्याकडचे. रागावले नाहीत. हात पुसले, खिळ्याला अडकवलेला माझाच कागद काढला, तेलाचे डाग पडलेले त्यावर, आणि म्हणाले, "तुना कागदवर जे व्हतं तेच करेल शे, भो." आणि खाली कोपऱ्यात अंगठा ठेवला. तिथं टायटल ब्लॉकमधे बारीक अक्षरात छापलेलं होतं, सर्वसाधारण टॉलरन्स आयएसओ २७६८-एम.

ते मी लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे माझ्या ड्रॉइंगवर होतं, पण टायटल ब्लॉक सिनियरच्या फाइलमधून उचललेला, नाव बदललं, रोल नंबर बदलला, बाकीचं वाचलं कोणी? आणि त्याचा अर्थ असा की ६ ते ३० मिमीच्या ज्या मापावर वेगळं काही लिहिलेलं नाही तिथं ०.२ इकडे किंवा ०.२ तिकडे चालेल. म्हणजे १९.८ पासून २०.२ पर्यंत काहीही बरोबर. मामांचा १९.९० एकदम मधोमध नाही पण बरोबरच. परीक्षेत असतं तर पूर्ण मार्क.

मग ते म्हणाले "पंच मारी दिऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता शाफ्ट व्हाइसमधे धरून एका टोकाला सेंटर पंचनं टक टक टक ठिपके मारले गोलाकार. प्रत्येक ठिपक्याभोवती मटेरियल जरासं वर येतं, तेवढ्यानं व्यास वाढतो. बेअरिंग ठेवलं, लाकडाचा ठोकळा लावून दोन हातोड्या, बसलं घट्ट. दोन मिनिटं. खरं सांगू, मला बरं वाटण्याऐवजी अपमान झाल्यासारखं वाटलं. चार वर्षं, आणि हे दोन मिनिटांत. पण ते टिकत नाही हेही दिसतंय, बेअरिंग नुसतं त्या ठिपक्यांच्या टोकांवर उभंय, टोकं झिजली की पुन्हा खुळखुळ.

संध्याकाळी कॉलेजला सरांकडे गेलो, मनात सहानुभूती मिळेल असं होतं. जाताना बसमधे डेटा बुक उघडून टेबल बघून ठेवलं होतं, म्हणजे तयारीनिशी गेलो, म्हणलं सर आता शाफ्टला के६ देतो, म्हणजे आतली रिंग त्यावर घट्ट बसेल. सरांनी पंच मारलेलं टोक बघितलं, हसले, आणि विचारलं, "तुझ्या ट्रॉलीत फिरतं काय? आतली रिंग का बाहेरची?"

मी गप्प.

शाफ्ट तर फ्रेमला बोल्टनं आवळलेला आहे. फिरतं चाक. म्हणजे हबबरोबर बाहेरची रिंग फिरते, आतली तशीच उभी. घडांचं वजन कायम खालीच, त्यामुळं फिरणाऱ्या रिंगच्या प्रत्येक जागेवर आळीपाळीनं लोड येतो आणि तीच रिंग सैल असली तर हबमधे हळूहळू सरकत जाते, भोक खात जाते. घट्ट पाहिजे ती बाहेरची. आतली शाफ्टवर हातानं सरकली तरी चालते. मी बरोब्बर उलटं धरून बसलो होतो, टेबल बघितलं पण टेबलच्या वर काय लिहिलंय ते नाही. (हा विषय थर्ड इयरला होता. लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्सेस. पाच मार्काला येतो म्हणून ऑप्शनला टाकला होता. पहिल्या वर्षी मिनी ड्राफ्टर आणि शीटचा डबा घेऊन एसटीत चढायचो तर कंडक्टर विचारायचा ही तोफ कुठं चालली, तेव्हा केवढा इंजिनियर वाटायचो मी.)

एकच बरं झालं, हबचा जॉब अजून मशीनवर चढलाच नव्हता. त्याच्यावरही मी नुसतं ४७ लिहून ठेवलेलं.

तर आता बसून दोन्ही मापं नीट लिहिली. शाफ्ट २० जी६ (रिंग हातानं सरकेल असं), म्हणजे १९.९८० ते १९.९९३. हब ४७ एन७ (रिंग ठोकून बसेल असं), म्हणजे ४६.९६७ ते ४६.९९२. लिहून झाल्यावर लई भारी वाटलं, जवळजवळ प्रिंट द्यायला उठलो, आणि मग डोक्यात आलं की शाफ्टच्या दोन मापांमधला फरक आहे ०.०१३, आणि मामांकडे जो व्हर्नियर आहे त्याचं सगळ्यात बारीक मापच ०.०२. त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर त्यांच्याकडे बघितल्याचं आठवत नाही. म्हणजे मी असं माप लिहिलंय जे त्या शेडमधे मोजताच येणार नाही. पहिल्या वेळी काहीच लिहिलं नाही, दुसऱ्या वेळी इतकं लिहिलं की उपयोग नाही.

साडेनऊला लाजत मामांना फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज. सगळं समजावून सांगायला लागलो, जी६ आणि एन७ आणि रिंग, त्यांनी मधेच तोडलं, "सकायले नऊ वाजता बेअरिंग लई ये. हब बी लई ये." म्हणजे दोन्ही घेऊन ये. शेवटचे कट बेअरिंग लावून लावून घेणार म्हणे, हातानं सरकलं की थांबायचं. हबमधे ठोकून बसलं पाहिजे एवढंच सांगितलं मी, ते "हाव" म्हणाले.

ड्रॉइंगवर मापं तशीच ठेवली, बाहेरून येणारे एक्स्टर्नल परीक्षक बघणार. खाली एक ओळ वाढवली, प्रत्यक्ष बेअरिंग लावून तपासावे. आणि टायटल ब्लॉक पुसून नवा केला, एकेक रकाना स्वतः भरला. फर्स्ट अँगलचं चिन्ह, म्हणजे ड्रॉइंगमधले व्ह्यू कोणत्या पद्धतीनं मांडलेत ते सांगणारं, उलटं होतं त्यात. कितव्या बॅचपासून उलटं चाललंय कोण जाणे.

नवीन शाफ्टसाठी लागणाऱ्या बारचे पैसे माझ्याच खिशातून जाणार, गृपला अजून सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात हँडलची ग्रिप पीएलए नावाच्या प्लास्टिकमधे थ्रीडी प्रिंट करून शेडमधे पत्र्याखाली ठेवली होती ती भेंडीसारखी वाकली, साठ डिग्रीच्या आसपास ते मऊ पडतं हे पण मला तेव्हाच कळलं. त्याचेही द्यायचेत.

बेअरिंग कागदात गुंडाळून बुटात ठेवलंय, सकाळी विसरायला नको.