गट पुसला, नंबरही गेला

एका गावाचा गटनकाशा करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मनात चार दिवस धरले होते. गावात अकराशेच्या आसपास गट, म्हणजे नंबर दिलेले जमिनीचे तुकडे. हद्दी आधीच डिजिटाइझ झालेल्या, गट नंबर टेबलात भरलेले. आर्कजीआयएस प्रो या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेबल चालू करायचं, प्रिंट काढायची, झालं.

लेबल चालू केलं आणि ओढ्याकाठी अडकलो. तिथल्या जमिनी म्हणजे भावाभावांत वाटून वाटून उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्या. पट्टी बोटभर आणि तिच्यात मावायचंय '११२/२/अ'. लेबल कुठे बसवायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. नकाशा जरा सरकवला की नंबर इकडचे तिकडे, आणि जागा मिळाली नाही की चक्क गायब. सरांनी प्रिंटवर बोट ठेवून विचारलं, "हे तीन गट गावाने सोडून दिलेत का?"

मग लेबलांचं अ‍ॅनोटेशन केलं. म्हणजे प्रत्येक नंबर ही एक वेगळी वस्तू. उचला, फिरवा, पट्टीत तिरकी बसवा, बसवाल तिथे राहते. दोन दिवस मान मोडून सगळं जागेवर लावलं. तिसऱ्या दिवशी मोजणीची दुरुस्ती आली, काही गटांचे पोटहिस्से पडले होते. मी टेबलात नंबर बदलले. नकाशावर जुनेच! साध्या अ‍ॅनोटेशनला टेबलाशी काही देणंघेणं नसतं, हे तेव्हा कळलं.

हवं होतं ते फीचर-लिंक्ड अ‍ॅनोटेशन. यात मजकूर गटाला जोडलेला राहतो. टेबलात नंबर बदलला की नकाशावर बदलतो, गट सरकवला की त्याच्याबरोबर सरकतो. पण माझ्याकडे तो पर्यायच मिळेना. पहिलं कारण म्हणजे माझा डेटा शेपफाइल या साध्या फाइल-प्रकारात होता, आणि जोडणी फक्त जिओडेटाबेसमध्ये, म्हणजे आर्कजीआयएसच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होते. डेटा तिकडे नेला, तरी ढिम्म. माझ्या मशीनवर बेसिक लायसन्स. याला स्टँडर्ड किंवा त्यावरचं लागतं. ऑफिसात स्टँडर्ड एकच, सरांच्या टेबलावर. म्हणून पुढचं बरंचसं काम सर जेवायला गेल्यावर आणि संध्याकाळी सहानंतर झालंय.

या नव्या कामाच्या पहिल्या दिवशी घाईत एक गोष्ट विसरलो, ती म्हणजे रेफरन्स स्केल. अ‍ॅनोटेशनच्या अक्षरांचा आकार एका ठरावीक स्केलला बांधलेला असतो. आमची प्रिंट १:४००० ची, अक्षरं ८ पॉइंटची. मी स्क्रीनवर १:१५०० ला झूम करून बसलो होतो आणि तसंच कन्व्हर्ट केलं. प्रिंटमध्ये अक्षरं ३ पॉइंटची आली. सरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि कागद माझ्याकडे परत दिला. सगळं पुसून, आधी नकाशाचा रेफरन्स स्केल १:४००० ठेवून पुन्हा केलं. जे नंबर बसत नव्हते ते 'अनप्लेस्ड' म्हणून ठेवायला सांगितले, नाहीतर ते वगळले जातात. मग एकेक हाताने बसवले. काहींना पट्टीबाहेर काढून रेघ ओढून दाखवावं लागलं.

आणखी एक सेटिंग मी बंद केलं. गटाचा आकार बदलला की नंबरची जागा पुन्हा ठरवायची, असं ते असतं. हाताने बसवलेल्यांच्या मुळावरच येणारं.

आता खरी गंमत. मोजणीवाल्यांकडून सगळ्या गावाची नवी सुधारित फाइल आली. मी विचार केला, एकेक गट कशाला शोधायचा, जुने सगळे गट निवडून डिलीट करू आणि नवे भरू. नंबर तर तेच आहेत, अ‍ॅनोटेशन आपोआप जोडलं जाईल. डिलीट दाबलं, सेव्ह केलं. नकाशा कोरा! गट गेले ते ठीकच, त्यांच्याबरोबर अकराशे नंबरही गेले. जोडलेलं अ‍ॅनोटेशन गटाच्या मालकीचं असतं; गट पुसला की तेही पुसलं जातं. सेव्ह केल्यामुळे अनडूचा रस्ताही बंद.

आदल्या रात्रीची कॉपी होती म्हणून वाचलो. आधी वाटलं, कॉपीतलं नुसतं अ‍ॅनोटेशन उचलून नव्या गटांवर ठेवावं. टेबल उघडून पाहिलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अ‍ॅनोटेशनच्या टेबलात फीचर आयडी नावाचा रकाना असतो, त्यात गट नंबर नसतो. त्यात असतो ऑब्जेक्ट आयडी, जो सॉफ्टवेअर स्वतः देतं. गट ११२ चा तो ३४७ असेल, तर '११२' हा मजकूर ३४७ शी बांधलेला. मी गट पुसून तेच परत भरले, तरी त्यांना नवे आयडी मिळणार. आपल्या लेखी तो गट ११२, सॉफ्टवेअरच्या लेखी कुणीतरी पाहुणा.

मग शहाण्यासारखं पूर्ण कॉपी परत आणली आणि जिथे खरोखर बदल होता तेवढेच ४३ गट हाताने दुरुस्त केले. पोटहिस्सा पडला की गट कापायचा; नव्या तुकड्याला अ‍ॅनोटेशन आपोआप मिळतं, पण त्यावर जुनाच नंबर असतो, कारण टेबलातली ओळ जशीच्या तशी उतरते. मग मोजणीवाल्यांच्या एक्सेल यादीतून नवे नंबर टेबलात चिकटवले.

शेवटची प्रिंट बघताना सर बराच वेळ एका जागी थांबले. "हा गट नंबर १२ मार्च कुणाचा?"

एक्सेलने १२/३ ची तारीख करून टाकली होती. टेबलातली ती एक नोंद बदलली. ओढ्याकाठच्या त्या पट्टीत, मी तिरका बसवला होता तिथेच, १२/३ उमटलं.