तुम्ही विचारलंत म्हणून : कहाणी आधी की वादन आधी?

चेक हार्प्सिकॉर्डवादक झुझाना रुझिच्कोवा यांच्या ध्वनिमुद्रिका मी कोणालाही ऐकवल्या, की थोड्याफार फरकाने एकच प्रश्न येतो : त्यांचे वादन तुम्हाला खरोखर थोर वाटते, की त्या नाझी छावण्यांतून जिवंत परतल्या हे ठाऊक आहे म्हणून तसे वाटते? विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते, हे मी जाणतो. पण या प्रश्नात त्या कलावतीवर नकळत अन्याय होतो, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देतो.

हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखे कळफलकाचे जुने वाद्य. त्याची पट्टी दाबली की आतला काटा तार छेडतो. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नाही. दुःख दाटून आले म्हणून हाताचे वजन वाढवावे, अशी सोयच या वाद्यात नाही. जे सांगायचे ते स्वर किती वेळ धरला, कुठे तोडला, पुढचा किती रेंगाळत आणला यांतूनच सांगावे लागते. आणि अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या ‘क्रोमॅटिक फॅन्टसी’ या रचनेत रुझिच्कोवा हे ज्या निर्भयपणे करतात, ते कळायला त्यांचे चरित्र ठाऊक असावे लागत नाही. त्यांची पेडल जोडलेली, विसाव्या शतकातल्या बांधणीची वाद्ये आजच्या कानांना जड वाटतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण बाखच्या कळफलकासाठीच्या सर्व रचना हार्प्सिकॉर्डवर मुद्रित करणाऱ्या त्या पहिल्या. 1965 नंतरच्या दशकात एराटो या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी त्यांनी हे काम केले. पुढे नावाजलेले इंग्रज संगीतकार क्रिस्टोफर हॉगवूड त्यांच्याकडे शिकायला प्रागला गेले, ते काही कणव वाटून नव्हे.

तरीही एका रचनेपाशी माझा हा युक्तिवाद अडतो. बाखच्या पाचव्या ‘इंग्लिश सुइट’ या नृत्यरचनांच्या मालिकेतला सरबांद, म्हणजे तीन मात्रांची एक संथ नृत्यचाल, त्यांनी कागदाच्या तुकड्यावर हाताने उतरवून जवळ बाळगला होता. वडील 1943 साली तेरेझिनच्या छावणीत वारले होते. आता मायलेकी आउश्वित्झमध्ये होत्या. बायकांना ट्रकमध्ये चढवले जात असताना मुलगी वर गेली, आई खाली राहिली, आणि तेवढ्यात वाऱ्याने तो कागद उडाला. मुलीला त्याचे काय मोल आहे हे आईला ठाऊक होते, म्हणून ती त्याच्यामागे धावली, आणि ट्रकवरच्या बायकांनी हात देऊन तिला वर ओढून घेतले. त्या कागदामुळे आई आपल्यासोबत राहिली, असे रुझिच्कोवा यांनीच पुढे सांगितले आहे. त्यानंतर हॅम्बुर्गमधली वेठबिगारी आणि बर्गन-बेल्सनच्या छावणीतली उपासमार वाट्याला आली. एप्रिल 1945मध्ये सुटका झाली तेव्हा त्या 18 वर्षांच्या होत्या. आपल्या गावी, पिल्सेनला परतल्यावर त्यांचे हात पाहून जुन्या शिक्षिकेला रडू फुटले. संगीताचा नाद सोडण्याचे सल्ले मिळाले. त्यांनी दिवसाचे बारा-बारा तास रियाज केला, आणि 1956 साली म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या विजयी ठरल्या.

पूर्वी मी ही हकीकत मुद्दाम सांगत नसे. संगीताने स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे मी तावातावाने म्हणत असे. आज माझे त्या म्हणण्याशी पुरते पटत नाही. जे हात बिघडले आणि पुन्हा घडवले गेले, तेच हात वाजवत असताना चरित्र कोणत्या स्वरातून वजा करायचे? पण हकीकत सांगितली की श्रोते नृत्याच्या चालीतही हुंदके शोधू लागतात, हेही मी पाहिले आहे, आणि त्याने मला त्रास होतो.

शिवाय कहाणी हवी असणाऱ्यांना ती तीन वर्षांचीच हवी असते. पुढची चाळीस वर्षे कोणी विचारत नाही. त्यांनी आणि त्यांचे पती, संगीतकार व्हिक्टर कालाबिस यांनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व घेतले नाही. परदेशी मैफलींच्या मानधनाचा मोठा वाटा सरकार काढून घेत असे, आणि प्राध्यापकपद त्यांना मिळाले ते थेट 1990 साली. त्या दौऱ्यांवरून दर वेळी त्या प्रागलाच परतत राहिल्या. एराटोच्या ध्वनिमुद्रिका याच काळातल्या आहेत, छावणीतल्या नव्हेत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : ‘क्रोमॅटिक फॅन्टसी’पुरते मी ठामपणे सांगतो की मला वादनच थोर वाटते. सरबांदविषयी तसे शपथेवर सांगता येणार नाही. तो ऐकवण्याआधी त्या कागदाविषयी बोलावे की नंतर, हे माझे अजून ठरलेले नाही.