सैंधवाच्या खड्यातला १.६६

बारावीचा सॉलिड स्टेटचा धडा मी गेली चौदा वर्षं शिकवतेय, त्यातलं युनिट सेलच्या (स्फटिकातली सगळ्यात लहान, पुन्हा पुन्हा येणारी खोली) डेन्सिटीचं गणित तर झोपेतून उठवलं तरी सोडवेन, पण गेल्या जूनमधला एक दिवस असा गेला की तेव्हापासून ते शिकवायची माझी पद्धतच बदलली.

फळ्यावर मिठाचं गणित दिलं होतं. नेहमीचंच, एका युनिट सेलमध्ये सोडियमचे ४ आणि क्लोरीनचे ४ आयन, कडेची लांबी ५६४ पिकोमीटर, डेन्सिटी काढा. वह्या बघत फिरले तर निम्म्या वर्गाचं उत्तर ३.६ गुणिले टेन रेज टू मायनस २४. म्हणजे काय केलं होतं, तर एएमयूचे (अणूचं वस्तुमान मोजायच्या एककाचे) ग्रॅम करायला १.६६ गुणिले टेन रेज टू मायनस २४ ने गुणलं आणि वर परत अॅव्होगाड्रो नंबरने (एका मोलमधल्या कणांच्या संख्येने) भागलं! एकच काम दोनदा. दरवर्षी होतं हे. मी त्यांना म्हटलं, अरे, एवढ्या डेन्सिटीत एका घनसेंटीमीटरमध्ये हायड्रोजनचे जेमतेम दोन अणू बसतील, हे मीठ आहे की ताऱ्यांमधली पोकळी? ती मुलं लगेच समजली, कारण उत्तरच इतकं विचित्र होतं.

पण तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीचं उत्तर होतं १.३०. सरळ आठ आयनांच्या वजनाला, २३३.७६ ला, कडेच्या घनाने, १७९.४ ने भागलेलं आणि पुढे ग्रॅम पर घनसेंटीमीटर लिहिलेलं. मी चूक म्हटलं तर ती म्हणाली, "मॅडम, पण १.३० बरोबर वाटतं ना, मीठ पाण्यात बुडतंच की." मला तिथे थांबावंच लागलं. टेन रेज टू मायनस २४ वालं उत्तर स्वतःच ओरडून सांगतं की मी चुकलोय, हे १.३० गपचूप बसून राहतं, आणि मला तीच चूक जास्त घातक वाटते.

पुढचा तास प्रॅक्टिकलचाच होता. लॅबमधल्या मामांना म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून सैंधवाचा एक खडा आणा, उपवासाला वापरतात तो, शक्यतो स्वच्छ बघून. आणला. तराजूवर ३८.६ ग्रॅम भरला. पाण्यात टाकला तर विरघळणार, म्हणून सोडियम ज्यात बुडवून ठेवतो त्यातलंच थोडं रॉकेल मेजरिंग सिलिंडरमध्ये ५० मिलीपर्यंत भरलं, खडा दोऱ्याने बांधून तिलाच हळूहळू सोडायला लावला. खड्याला चिकटलेले बुडबुडे सिलिंडरला टिचक्या मारून मारून सोडवले, मग सगळ्यांनी वाकून रीडिंग घेतलं. ६८. म्हणजे १८ मिली, डेन्सिटी २.१४.

ती बराच वेळ वहीकडे बघत होती. मग २.१४ ला १.३० ने भागलं, आलं १.६५. "मॅडम, हा तर तुमचा १.६६ च आहे, पण त्याचं टेन रेज टू मायनस २४ कुठे गेलं?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही मुलांना कधी तिथपर्यंत नेलं नव्हतं, फक्त "१.६६ पाठ करा" म्हणत आले. आम्ही दोघींनी फळ्यावर मांडलं. १ ग्रॅमला ६.०२२ गुणिले टेन रेज टू २३ ने भागलं की एक एएमयू मिळतो, १.६६ गुणिले टेन रेज टू मायनस २४ ग्रॅम. म्हणजे अॅव्होगाड्रो आणि एएमयू एकाच नाण्याच्या दोन बाजू, दोन्ही एकदम वापरायचे नाहीत. आणि तिने कडेची लांबी अँगस्ट्रॉममध्ये (एक अँगस्ट्रॉम म्हणजे १०० पिकोमीटर) घेतली होती, ५.६४, तर एक घन अँगस्ट्रॉम म्हणजेसुद्धा टेन रेज टू मायनस २४ घनसेंटीमीटर. वरचं मायनस २४ आणि खालचं मायनस २४ कटलं, उरला नुसता १.६६. म्हणजे तिचं १.३० चुकलंच नव्हतं, ते एएमयू पर घन अँगस्ट्रॉममध्ये तंतोतंत बरोबर होतं, फक्त पुढे लिहिलेलं एकक दुसऱ्याचं होतं! १.३०३ गुणिले १.६६०५, २.१६. सगळा वर्ग मग तांबं या धातूच्या गणितावर तुटून पडला, युनिट सेलचं वजन भागिले घनफळ, २५४.१८ भागिले ४७.२४, ५.३८, गुणिले १.६६, ८.९३.

मग त्यांना एक्स-रेने स्फटिकांची रचना शोधणाऱ्या ब्रॅग बापलेकांचं सांगितलं. १९१३ साली त्यांच्याकडे कडेची लांबी नव्हती, पण सैंधवाची डेन्सिटी आणि अणूचं वस्तुमान माहीत होतं, त्यांनी हेच गणित उलटं चालवून मिठातल्या दोन थरांमधलं अंतर काढलं, साधारण २.८ अँगस्ट्रॉम, आणि त्याच मापावर एक्स-रेची वेव्हलेंग्थ मोजली. १९१५ चं नोबेल दोघांना मिळून. हे सांगताना माझाच आवाज जरा चढला होता, कारण तोच दगड समोर रॉकेलमध्ये पडलेला होता.

तास संपल्यावर बाकीचे गेले, ती थांबली होती. खडा पुसून कागदावर ठेवला आणि ३८.६ ला एका युनिट सेलच्या वजनाने, ३.८८ गुणिले टेन रेज टू मायनस २२ ने भागत बसली. उत्तर ९.९५ गुणिले टेन रेज टू २२. "मॅडम, यात एवढ्या खोल्या आहेत?" म्हणाली, आणि तो आकडा कागदावर लिहून खडा त्यातच गुंडाळला. अजून माझ्या लॅबच्या कपाटात आहे, तिच्या अक्षरासकट.