बंद दिवा कोण बघतं?

"मॅडम, बंद दिवा कोण बघतं?"

मुंबईच्या लोहार चाळीत, म्हणजे दिव्यांच्या बाजारात, जेवणाच्या टेबलावर टांगायला स्टेन्ड ग्लासचा, म्हणजे रंगीत काचांचे तुकडे जोडलेला दिवा बघत होते. "जरा बंद करून दाखवता का?" म्हटल्यावर दुकानातल्या मुलाने हे ऐकवलं.

अरे बाबा, दिवसभर तो बंदच असणार ना! पेटलेले सगळेच देखणे दिसतात. बंद केल्यावर निळ्या-हिरव्या काचा चक्क काळपट. शेजारच्या स्वस्तातल्यावर नखाने टिचकी मारली, तर टक् असा बोदा आवाज. रंगवलेलं ॲक्रिलिक! खऱ्यात काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून मग सोल्डरने जोडतात. त्या रेघा बोटाला लागतात, जराशा वाकड्याही असतात.

"टिफनी स्टाइल आहे," मुलगा म्हणाला.

न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओजचे कितीतरी गाजलेले दिवे क्लारा ड्रिस्कॉलने डिझाइन केले होते. काच निवडणाऱ्या-कापणाऱ्या बायकांचा विभाग तीच सांभाळायची. तिच्या पत्रांतून हे कळलं आणि 2007 मध्ये त्यावर प्रदर्शन भरलं. म्हणजे शंभरेक वर्षांनी! नाव मात्र मालकाचंच चिकटलंय. आपल्या पैठणीवर तरी विणणारीचं नाव कुठे असतं म्हणा.

मी मधाच्या रंगाचा घेतला. हिरव्या उजेडात वरण कसं दिसेल, या विचारानेच पोटात कालवलं.

आता घरात वाद बल्बवरून. नवऱ्याला पांढराशुभ्र एलईडी हवाय. मी 2700 केल्व्हिनच्या पिवळ्यावर ठाम आहे. तुमचं मत कुणाला?